साळखात्यातला श्वास

घाटकोपरच्या भटवाडीत लवू घाडीला सगळे 'योगी' म्हणत. सकाळी सहाच्या सुमारास काखेत सतरंजीची गुंडाळी, हातात पाण्याची बाटली, लेंगा घोट्यापर्यंत दुमडलेला, असा तो डोंगराच्या वाटेला लागला की नळावरच्या बाया आपापल्या नवऱ्यांना ऐकवत, "बघा जरा! बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण पोट म्हणून नाही. नाहीतर आमच्याकडचं ध्यान!" नवरे बिचारे पांघरूण डोक्यावर ओढून घेत. लवू मान खाली घालून मुकाट निघून जाई, आणि त्याच्या पाठीमागे बाया म्हणत, एवढं असून माणसाला गर्व कसा तो नाही.

गर्व कुठून असणार? तीन वर्षं झाली, लवूनं एकही आसन केलं नव्हतं. डोंगरावर करवंदीच्या जाळीमागे सतरंजी अंथरायची, तिच्यावर मांडी ठोकून दोन विड्या ओढायच्या, खालच्या चाळींची कौलं बघत पाऊण तास काढायचा, मग बाटलीतलं पाणी कपाळाला आणि मानेला लावून घाम आल्याचं सोंग करत घरी यायचं. सुलक्षणा, त्याची बायको, दारातच चहाचा कप पुढे करी. तो कप घेताना लवूला रोज लाज वाटे, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डोंगर चढे. १९६७ सालची ही गोष्ट.

आता हा माणूस मुळात लबाड होता असं कुणी समजू नये. कणकवलीजवळच्या एका गावातून अठराव्या वर्षी तो मुंबईला आला तो थोरला भाऊ धाकू याच्या पाठोपाठ. धाकू कुर्ल्याच्या एका गिरणीत साळखात्यात होता. साळखातं म्हणजे कापड विणण्याचं खातं. मागाला तिथे साचा म्हणतात. भावाच्या ओळखीनं लवूही साचेवाला झाला, आणि दोन साच्यांच्या मधे उभा राहून त्यानं चोवीस वर्षं काढली. त्या खात्यात आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. अशा ठिकाणी आठ तास उभं राहून आलेला माणूस सरळ घरी जाऊन पडतो. लवू तालमीत जाई.

कुर्ल्याच्या त्या तालमीत धोंडिराम वस्ताद होते. कुस्तीच्या नादानं ते तरुणपणी म्हैसूरला जाऊन दोन वर्षं राहिले होते, आणि परत येताना कुस्तीऐवजी अष्टांग योग घेऊन आले होते. ही सुटीसुटी आसनं नव्हेत. एका आसनातून दुसऱ्यात जायचं ते श्वासाच्या मोजणीवर. संस्कृतातले आकडे म्हणायचे, एका आकड्याला श्वास आत, पुढच्याला बाहेर, आणि सूर्यनमस्कारापासून शीर्षासनापर्यंतची सगळी ओळ दीड तासात कुठंही न थांबता पुरी करायची. लवू त्यात असा रमला की पंचविसाव्या वर्षी हातावर सगळं अंग तोलून तो पाय मागून पुढे असे काढी, की बघणाऱ्याला पाय जमिनीवरून कधी गेले ते कळत नसे. 'योगी' हे नाव तेव्हाचं, आणि तेव्हा ते खरं होतं.

वस्तादांचं शिकवणं म्हणजे "अजून!" हा एकच शब्द. अजून वाक, अजून उचल, अजून थांब. श्वासाचं त्यांनी कधी काही विचारलं नाही. आकडा ओरडला की काम झालं. तरुण अंगाला ते चाललं. वस्ताद गेले, तालीम मोडली, लवू भटवाडीत बिऱ्हाड करून एकटाच करत राहिला. मग अडतिशीच्या सुमाराला काहीतरी बिघडलं. निम्म्या ओळीत श्वास संपे, डोळ्यांपुढे काळोखी येई, छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत वाटे. त्याच वर्षी धाकूला गिरणी सोडावी लागली. खोकून खोकून त्याची छाती गेली होती. मे महिन्यात लवू गावी गेला तेव्हा त्यानं बघितलं, घरातून विहिरीपर्यंत जाताना भाऊ दोनदा खाली बसला.

तिथून परत आल्यावर लवूच्या मनानं घेतलं की आपलीही पाळी आली. साळखात्यात ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही. छाती गेली म्हणजे नोकरी गेली, बिऱ्हाड गेलं, दोन मुलींच्या शाळा गेल्या, आणि उरलेला जन्म गावच्या अंगणात बसून धापा टाकायच्या. डॉक्टरकडे जायची त्याची छाती होईना. आणि रोज सकाळी आसनं करायची म्हणजे रोज सकाळी तेच वाईट उत्तर ऐकायचं. त्यापेक्षा विचारायलाच नको, असं म्हणून एके दिवशी तो सतरंजीवर नुसता बसला आणि त्यानं विडी पेटवली. सोडलं म्हणून सांगायला तोंड नव्हतं, म्हणून रोजचं जाणं तेवढं चालू ठेवलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी डोंगराच्या वाटेवरच्या मुलींच्या शाळेपाशी तो थबकला. शाळा दुपारची, पण त्या दिवशी खालच्या सभागृहाच्या खिडक्या पहिल्यांदाच उघड्या होत्या आणि आतून एका बाईचा आवाज येत होता, "एकम्... द्वे... त्रीणि... चत्वारि..."

लवूच्या अंगावर काटा आला. वस्तादांच्या मागे हे आकडे त्यानं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेच नव्हते. तो खिडकीशी गेला. आत पंधराएक माणसं, बाया आणि बाप्ये दोन बाजूंना, आपापल्या सतरंज्यांवर. पुढे पस्तिशीची एक काटकुळी बाई, नऊवारी कासोट्यानं घट्ट नेसलेली, हातात शाळेतली लाकडी फूटपट्टी. चत्वारिला सगळ्यांनी पाय मागे टाकले, आणि खिडकीजवळचे एक जाडे गृहस्थ असे धप्पकन आपटले की फरशी हादरली.

"अरे पाय काय फेकतोस, पोट उचल पोट!" लवूच्या तोंडून निसटलं.

पंधरा डोकी खिडकीकडे वळली. बाईंनी मोजणी थांबवली नाही. सूर्यनमस्कार पुरा केला आणि मगच खिडकीशी आल्या.

"बाहेरून शिकवू नका," त्या म्हणाल्या. "सतरंजी आहे की काखेत. आत या."

त्या वनमाला हट्टंगडी. शाळेत मुलींना कवायत शिकवत. माहेर म्हैसूरचं, मामाकडे राहून लहानपणापासून हेच शिकलेल्या. मराठी बोलत ती शुद्ध, पण कानडी हेल असलेली. लवूला नाही म्हणून पळता आलं असतं. पण पंधरा माणसं बघत होती, आणि 'योगी' नावाचा जुना माणूस आतून धडका मारायला लागला होता. तो आत गेला आणि सतरंजी झटकून उभा राहिला.

काय सांगावं, पहिली दहा मिनिटं त्यानं सभागृह खिशात घातलं. तीन वर्षं गंजलेलं अंग, पण वळण गेलं नव्हतं. पाय मागे गेले ते आवाज न करता. जाडे गृहस्थ, ते पोस्टात होते, तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग उभ्यानं करायची आसनं संपता संपता लवूच्या छातीवर तो पाटा आला. डोळ्यांपुढे काळोखी आली. तो दात खाऊन पुढे रेटत होता, आणि शेवटी गुडघे टेकून, ओणवा होऊन, माशासारखा तोंड उघडत मिटत राहिला.

कुणी हसलं नाही. बाई त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्याला वाटलं, आता ही म्हणणार, वय झालं. बाई म्हणाल्या, "आसनं फार सुंदर शिकलाय तुम्ही. श्वास कुणी शिकवलाच नाही. उद्या या, नुसते दोन सूर्यनमस्कार करू."

"दोन?" लवूला धाप लागली होती तरी राग आला. "बाई, मी हातावर चालणारा माणूस."

"हातावर चालायला श्वास लागत नाही का?"

घरी जाईपर्यंत लवू मनातल्या मनात तिच्याशी भांडला. कालची पोरगी, मला दोन सूर्यनमस्कार शिकवते! तालमीतल्यांनी ऐकलं तर पोट धरून हसतील. पण त्या दिवशी डोंगरावर जायचं राहून गेलं होतं, विडी ओढायची राहून गेली होती, आणि कपाळावरचा घाम खरा होता. सुलक्षणानं कप पुढे केला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो चहा चवीनं प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच शाळेच्या पायरीवर जाऊन बसला.

पुढचे दहा दिवस बाईंनी त्याला दोनावर तिसरा नमस्कार करू दिला नाही. बाकीचे पुढे जात, हा आपला भिंतीशी एकम् आणि द्वे. बाई अधूनमधून येत, फूटपट्टीचं टोक त्याच्या बरगडीवर ठेवत आणि म्हणत, "इथे आणा श्वास." लवू जोर लावी. टोक हलत नसे. बाई ओरडत नव्हत्या, अजून म्हणत नव्हत्या. मान तिरकी करून नुसत्या ऐकत, जशी एखादी सुगरण आधणाचा आवाज ऐकते. अकराव्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्या त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"घाडी, तुम्ही काम काय करता?"

"गिरणीत. साळखात्यात. साचे चालवतो."

"कसे? मला करून दाखवा."

"इथं? साचा कुठाय इथं?"

"आहे असं समजा."

लवूला हसू आलं, पण तो उभा राहिला. हातांना सगळं पाठ होतं. साचा थांबवला. धोटा काढला. धोटा म्हणजे आडवा दोरा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारी लाकडी होडीच जणू; तिच्या पोटात दोऱ्याची कांडी असते. संपलेली कांडी फेकली, नवी बसवली. धोट्याच्या कुशीला बारीक भोक असतं, त्यातून दोरा बाहेर यावा लागतो, आणि बोटांनी तो येत नाही. लवूनं हवेतला धोटा ओठांशी नेला, तोंडानं सुर्र्कन ओढलं, ओठावर आलेला दोरा चिमटीत धरला, धोटा जागी टाकला आणि साचा चालू केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "पुन्हा करा. दोरा ओढल्यावर श्वास कुठे जातो?"

लवूनं पुन्हा केलं. सुर्र्कन ओढलं, आणि तो थांबला. ओढल्यावर श्वास कुठेच जात नव्हता. घशाशी अडवलेला होता. अडवायलाच लागतो, नाहीतर दोऱ्याबरोबर कापसाचे तंतू घशात उतरतात आणि ठसका लागतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक साचेवाला हे शिकतो, कुणी न शिकवता.

"पाळीला किती वेळा?"

"असेल दीडशे. दोनशेही."

"आणि किती वर्षं?"

"चोवीस."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मी एकम् म्हणते आणि तुम्ही धोटा चोखता! तोंडानं घोटभर घेता, घशाशी धरून ठेवता, आणि तेवढ्यावर सगळं अंग उचलता. बरगडीपर्यंत काही जातच नाही. काळोखी येणार नाही तर काय होईल?"

लवूनं हात वर केले, स्वतःशीच एकम् म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते स्वतःला ऐकू आलं, ते बारीकसं सुर्र. वस्तादांच्या आरडाओरड्यात आणि साच्यांच्या खडखडाटात ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

"म्हणजे छाती..." तो म्हणाला.

"मी कवायतीची बाई आहे, डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "छातीचा फोटो काढून या. तोपर्यंत दोनाचे तीन नमस्कार होणार नाहीत."

तो फोटोच तर लवू चार वर्षं टाळत होता. त्यानं आज जातो, उद्या जातो करत आठवडा काढला. वर्गात जाई, तोंड मिटून दोन नमस्कार करी, बाई नुसत्या भुवया वर करत, तो मान खाली घाली. शेवटी एका दुपारी, पाळीवर निघायच्या आधी, त्यानं सुलक्षणाला समोर बसवलं आणि सगळं ओकून टाकलं. डोंगर, विड्या, बाटलीतलं पाणी, खिडकी, बाई, धोटा, फोटो.

सुलक्षणा सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"माका सगळा ठावक आसा," ती म्हणाली. "विडयेचो वास काय पाण्यान जाता?"

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"तुमची छाती गेली म्हणान तुमी सोडलास, असा माका वाटला. तुमका इचारूक माका भिती वाटली." तिचे डोळे भरून आले. तीन वर्षं एका खोलीत दोघंही एकाच गोष्टीला भीत होती आणि दोघांनीही ती एकमेकांपासून लपवली होती. लवूला तिची फार कणव आली.

"आनि फोटोत कायतरी गावला तर?" मग त्यानं विचारलं.

"गावला तर गावला. लपवन काय जाता? उठा. मी लुगडा बदलून येतंय."

त्या दिवशी लवूनं चोवीस वर्षांत पहिल्यांदा न कळवता पाळी बुडवली. इस्पितळात रांगेत अडीच तास गेले. निकाल तिसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी ती काळी काच उजेडाकडे धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली, आणि लवूला वाटलं की ह्या माणसाच्या दोन भुवयांच्या मधे आपलं सगळं बिऱ्हाड लोंबकळतंय.

"स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "विडी सोडा. धुळीत तोंड मिटून काम करा. पुढचा!"

बाहेर येऊन सुलक्षणा फाटकाशी मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. लवू तिच्याजवळ उभा राहून वेड्यासारखा हसत होता. समोरच्या गाडीवरून त्यानं दोन ग्लास उसाचा रस घेतला, आणि खिशातला विड्यांचा कट्टा काढून गाडीवाल्यालाच देऊन टाकला.

पण काम अर्धंच झालं होतं. सकाळी दीड तास तोंड मिटायचं आणि दुपारपासून दोनशे वेळा धोटा चोखायचा, म्हणजे एका हातानं विणायचं आणि दुसऱ्यानं उसवायचं. लवूनं एका मोडक्या छत्रीची काडी घेतली, तापवून तिचं टोक वाकवलं, दगडावर घासून बारीक केलं, आणि धोट्याच्या भोकातून दोरा ओढायचा आकडा तयार केला. खात्यात त्यानं तो काढला मात्र, जॉबर चंद्रप्रकाश धावत आला. जॉबर म्हणजे साचेवाल्यांचा मुकादम. कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, "ए योगी, ये क्या सुई-धागा लेके बैठा है? साचा बंद पड्या तो रिपोट करूंगा!"

आणि साचा बंद पडतच होता. तोंडानं क्षणाचं काम, आकड्यानं चौपट वेळ. चार दिवस लवूचं कापड सगळ्यांपेक्षा कमी उतरलं. पाचव्या दिवशी चंद्रप्रकाश बजावून गेला, सोमवारपर्यंतच बघणार. लवू रविवारी दिवसभर खिडकीत बसून जुना धोटा मांडीवर घेऊन सराव करत राहिला. मुली मोजत, तो ओढे. सोमवारी चंद्रप्रकाश हातात घड्याळ घेऊन त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. कांडी संपली. लवूनं साचा थांबवला, कांडी बदलली, आकडा आत, दोरा बाहेर, धोटा जागेवर, साचा चालू. चंद्रप्रकाशनं घड्याळ कानाशी नेऊन बघितलं, बंद पडलंय की काय म्हणून. मग खांदे उडवून तो पुढच्या ओळीत गेला. लवूला त्या खडखडाटात मोठ्यानं गावंसं वाटलं, आणि त्यानं गायलंही. कुणाला ऐकू येणार होतं?

त्यानंतरचे महिने म्हणजे लवूच्या आयुष्यातली चैन होती. पाळीवरून येऊन पाचच तास झोपलेला माणूस पहाटे आपणहून उठे आणि मुलींची वेणीफणी होण्याआधी वर्गाला पोचे. दोनाचे पाच नमस्कार झाले, पाचाचे दहा. मग उभ्यानं करायची आसनं, मग बैठी. बाई एक आसन देत आणि श्वास तिथे नीट बसल्याशिवाय दुसरं देत नसत. पूर्वी जे आसन तो ताकदीनं हिसकावून घेई ते आता श्वासाबरोबर आपसूक येई, आणि त्याला दर वेळी नवल वाटे की हे इतकं सोपं होतं! वीस वर्षं केलेली गोष्ट तो नव्यानं शिकत होता आणि नव्या नवरदेवासारखा तिच्याबद्दल भेटेल त्याला सांगत सुटला होता. नळावरच्या बायांनाही त्यानं एकदा श्वास कसा घ्यावा ते समजावलं. त्यांच्या हंड्यांची रांग मोडली आणि त्यांनी त्याला हाकलून दिलं.

एकदा बाईंना त्यानं विचारलं, "तुम्ही ओरडत कशा नाही हो? वस्ताद तर काठी घ्यायचे."

"ओरडले तर तुमचा श्वास मला ऐकू कसा येईल?" बाई म्हणाल्या.

नोव्हेंबरात एका रविवारी सुलक्षणा बघायला आली आणि मागे भिंतीशी बसली. त्या दिवशी बाईंनी लवूला कुठेच थांबवलं नाही. उभी आसनं झाली, बैठी झाली, जिथे पूर्वी काळोखी येई ती जागा येऊन गेली आणि लवूच्या लक्षातही आलं नाही. बाकीचे एकेक करून आडवे झाले. हातांवर अंग तोलायचं आसन आलं. लवूनं श्वास घेतला, बरगड्या छत्रीसारख्या उघडल्या, आणि पाय जमिनीवरून सुटले. बाईंनी मोजणी थांबवली होती. खोलीत फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, लांब, सावकाश, एका मापाचा. शीर्षासनात तो स्थिर उभा राहिला तेव्हा उलट्या डोळ्यांना सुलक्षणा दिसली. ती दोन्ही हात तोंडावर घेऊन बसली होती. पोस्टातल्या जाड्या गृहस्थांना राहवलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळा वर्ग वाजवायला लागला. बाईंनी फूटपट्टी आपटून सगळ्यांना गप्प केलं. पण त्यांचंही तोंड हसत होतं.

"पुरी झाली ओळ," लवू खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, तुमच्या खात्यात आणखी किती जण धोटा चोखतात?"

लवूचा हसरा चेहरा हळूहळू गंभीर झाला. "सगळेच, बाई."

"मग?"

लवूनं पाळीत हातवारे करून सगळ्यांना सांगितलं. पहिल्यांदा सगळे हसले. मग एकेक जण संडासापाशी त्याला गाठून हळूच विचारू लागला: जिना चढताना धाप लागते, रे. रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. तुला झालं होतं का असं? लवू त्यांना आधी फोटो काढून यायला सांगे. काहीजण भ्याले, त्यांच्या बायकांकडे सुलक्षणा गेली. पुढल्या जानेवारीपर्यंत अकरा जणांचे फोटो झाले. एकाला डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि बसून नुसता श्वास करायची परवानगी दिली. दहा स्वच्छ निघाले. लवूनं अकरा आकडे घासून तयार केले. त्यासाठी त्यानं भटवाडीतल्या इतक्या मोडक्या छत्र्या मागून आणल्या की लोकांना वाटलं, योग्यानं आता छत्र्यांचं दुकान काढलं.

पहिल्या दिवशी अकरा साचेवाले सभागृहात भिंतीला पाठ लावून उभे राहिले. चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये, पण शाळेत पहिल्यांदा आलेल्या पोरांसारखे बावरलेले. कुणी सदऱ्याची बटणं लावत होता, कुणी बाईंकडे बघायचं टाळत होता. बाईंनी फूटपट्टी लवूच्या हातात दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी?" लवू म्हणाला.

"ही तुमची माणसं. माझ्यापेक्षा तुम्हाला लवकर ऐकू येईल."

लवू त्यांच्यासमोर उभा राहिला. हे सगळे त्याच्याबरोबर उभे राहून म्हातारे होत आलेले, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत चार वर्षं त्यानं आरशात बघितलेली तीच भीती. त्यानं घसा खाकरला.

"हात वर. एकम्!"

अकरा माणसांनी हात वर केले, आणि अकरा तोंडांतून एकदम आवाज आला, सुर्र.

लवूला आधी हसू फुटलं. मग एकदम रडू आलं, आणि दोन्ही आवरायच्या फंदात न पडता तो पुढे गेला, पहिल्याच्या बरगडीवर फूटपट्टीचं टोक टेकवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "तोंडां मिटा रे! आणि भिऊ नका. छाती जाग्यावर आसा तुमची."